मैलापूरच्या गच्चीवरील हिरवा वाफा

मद्रासचे चेन्नई झाले ते १९९६ साली, आणि त्या मद्रासची मुहूर्तमेढ इंग्रजांनी रोवली ती १६३९ साली. मैलापूर ह्या दोन्ही नावांहून कितीतरी जुने आहे. दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या टॉलेमी ह्या भूगोलवेत्त्याने ज्या 'मैलार्फा' बंदराचा उल्लेख केला आहे ते हेच असावे, असे अभ्यासक मानतात. तमिळमध्ये 'मयिल' म्हणजे मोर. पार्वतीने लांडोरीचे रूप घेऊन येथे शंकराची आराधना केली, अशी ह्या क्षेत्राची कथा आहे. म्हणूनच कपालीश्वराच्या आवारात एका वृक्षाखाली लांडोरीच्या रूपातील देवीचे छोटेसे मंदिर आहे आणि गावकऱ्यांच्या तोंडी आजही 'मयिलै' हे लाडके नाव आहे. पूर्वीचे देऊळ समुद्रकाठी होते. पोर्तुगीजांच्या काळात ते नाहीसे झाले आणि आजच्या जागी नवे उभे राहिले. सुमारे १२० फूट उंचीचे पूर्वेकडील गोपुर तर १९०६ सालचे आहे. पश्चिमेस विस्तीर्ण तलाव, त्याच्या पायऱ्यांवर बसलेली म्हातारी माणसे, आणि देवळाला वेढणाऱ्या चार माडा रस्त्यांवर भाजी, फुले, पितळी समया व कोळमचे पीठ विकणाऱ्यांची दाटी. प्रवाशाने मैलापुरात पाहावे असे हे सारे आहे, आणि त्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे.

मी येथे लिहिणार आहे ते एका गच्चीविषयी.

माघ संपत आला होता. चेन्नईत त्या सुमारास सकाळचे दोन तास हवा सुखाची असते. नंतर ऊन बोलू देत नाही. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे पूर्वज तंजावरचे, म्हणजे व्यंकोजीराजांबरोबर किंवा त्यांच्या मागून कावेरीकाठी गेलेल्या मराठी घराण्यांपैकी. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली संपले. परंतु मराठी संपली नाही. ती मद्रासला आली आणि तिने मैलापुरात घर केले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव उतारवयात ह्याच मैलापुरात राहिले व १८९१ साली येथेच निवर्तले. त्यांचे आप्त दिवाणबहादूर रघुनाथराव ह्यांच्या मैलापुरातील घरी १८८४ च्या डिसेंबरात सतरा मंडळी जमली होती. राष्ट्रसभेची पहिली कल्पना तेथे निघाली, असे अ‍ॅनी बेझंट ह्यांनी लिहून ठेवले आहे. आमच्या यजमानीणबाईंचे मराठी ऐकताना मला प्रथम वाटे की त्या तमिळच बोलत आहेत. मग ओळखीचा शब्द कानी पडे, आणि वाक्य उलगडत जाई. घरात स्वयंपाक तंजावरी, वर्तमानपत्र तमिळ, हिशेब इंग्रजी आणि रागावणे मराठी, अशी वाटणी होती.

त्यांच्या गच्चीवर आंब्याच्या वाळवणाशेजारी हिरव्या जाळीच्या सावलीत एक उथळ वाफा होता. विटा आडव्या मांडून चौकट केलेली, तीत जाड ताडपत्रीचा कागद अंथरलेला आणि वीतभर पाणी. पाणी मात्र दिसत नव्हते. त्यावर मखमलीसारखी दाट हिरवी साय पसरली होती. बाईंनी वेताच्या रोवळीने कडेची थोडी साय काढली, नळाखाली तीनदा धुतली आणि मागच्या बोळाकडे तोंड करून हाक मारली. खालून एक बाई टोपली घेऊन वर आल्या. टोपलीत हिरवे पडले आणि त्या उतरून गेल्या. हा रोजचा क्रम होता. ती टोपली करडांसाठी होती.

ह्या हिरव्या वस्तूचे नाव अझोला. तमिळमध्येही तेच नाव चालते. तिला मराठीत काय म्हणावे, हा अनुवादकाचा प्रश्न माझ्या मनात लगेच उभा राहिला. ही शेवाळ नव्हे, जरी दुरून तशी दिसते. हा नेचा आहे. कोकणात विहिरीच्या कठड्यावर किंवा सह्याद्रीच्या ओल्या दरडीवर जे नेचे वाढतात त्यांचाच हा पाण्यावर तरंगणारा, नखाएवढा भाऊ. एक रोपटे तळहातावर घेतले तर वर खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली इवली पाने आणि खाली पाण्यात लोंबणारी केसासारखी मुळे दिसतात. फुले नाहीत, बी नाही. फांदी मोडते, मोडलेला तुकडा नवे रोप होतो, आणि हवा मानवली तर तीन ते पाच दिवसांत सारा पसारा दुप्पट होतो. लामार्क ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८३ साली तिला हे नाव दिले. कोरडी पडली की मरते, असा त्या ग्रीक शब्दांचा आशय आहे.

ह्या रोपट्याचे खरे धन त्याच्या पानांत दडलेले आहे. प्रत्येक पानाच्या वरच्या पाळीत एक सूक्ष्म पोकळी असते आणि तीत अ‍ॅनाबीना नावाचे नीलहरित सूक्ष्मजीव राहतात. हवेतील नत्र थेट वापरणे वनस्पतींना जमत नाही; हे भाडेकरू मात्र ते पकडून घरमालकाला देतात आणि बदल्यात निवारा व साखर घेतात. हा संबंध इतका जुना आहे की हे भाडेकरू आता बाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाहीत. एका पिढीच्या नेच्याकडून पुढच्या पिढीकडे ते वारशाने जातात. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रतळातून २००४ साली शास्त्रज्ञांनी मातीचे नमुने वर काढले, तेव्हा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत ह्याच अझोलाचे अवशेष विपुल सापडले. तेव्हा तो समुद्र उबदार होता, त्याच्या पृष्ठावर गोड्या पाण्याचा थर होता, आणि त्यावर हा नेचा पसरत असे. पुढे पृथ्वी थंड होण्यास ह्या नेच्यानेही हातभार लावला असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे. रोवळीतील मूठभर पाल्याची ही वंशावळ ऐकून आमच्या बाई एवढेच म्हणाल्या, "मग शेळीला आवडायला काय हरकत आहे?"

चीन आणि व्हिएतनाम येथील भातशेतकरी शेकडो वर्षांपासून अझोला खाचरांत सोडून तिचे खत करीत आले आहेत. उत्तर व्हिएतनाममधील ला व्हान गावी तर तिचा उपयोग प्रथम शिकवणाऱ्या स्त्रीचे देऊळ असल्याचे सांगतात. आपल्याकडे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात भाताचे हिरवळीचे खत म्हणून तिचा बराच अभ्यास झाला. खतापासून चाऱ्यापर्यंतचा तिचा प्रवास दक्षिणेत गाजला तो कन्याकुमारीमुळे, आणि तेथे पुन्हा एका मराठी माणसाशी गाठ पडते.

स्वामी विवेकानंद अमेरिकेस जाण्यापूर्वी १८९३ साली मैलापूरला लागून असलेल्या सांथोममध्ये राहिले होते, आणि त्याआधी काही दिवस कन्याकुमारीच्या शिलेवर बसले होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. त्या शिलेवरील स्मारक १९७० साली पुरे झाले, ते अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे ह्यांच्या खटपटीने. १९७२ साली त्यांनी विवेकानंद केंद्र स्थापन केले. त्या केंद्राच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विकास प्रकल्पात डॉ. पी. कमलासनन पिल्लै व त्यांच्या सहकाऱ्यांनी अझोला गुरांचे खाद्य म्हणून वाढवण्याची एक अगदी स्वस्त रीत बसवली. २००२ साली त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली, आणि तेथून ती तमिळनाडू, केरळ, कर्नाटक असे करीत महाराष्ट्रातल्या कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत पोचली. गच्चीवरचा वाफा त्याच रीतीचा होता.

ती रीत अशी. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि वीतभर खोल असा सपाट खड्डा किंवा विटांची चौकट करावी. तळाशी जुनी पोती, त्यावर उन्हाने न फाटणारा सिलपॉलीनचा कागद. कागदावर चाळलेली सुपीक माती १० ते १५ किलो पसरावी. २ किलो ताजे शेण आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट १० लिटर पाण्यात कालवून ओतावे व पाण्याची उंची १० सेंटिमीटर होईतो पाणी भरावे. मग अर्धा ते एक किलो स्वच्छ अझोला वर सोडावी आणि रोपे सुलटी बसावीत म्हणून वरून हलके पाणी शिंपडावे. १० ते १५ दिवसांत वाफा भरतो, आणि मग रोज ५०० ते ६०० ग्रॅम काढता येते. पाच दिवसांतून एकदा २० ग्रॅम सुपर फॉस्फेट व किलोभर शेण; दहा दिवसांतून एकदा पाव हिस्सा पाणी बदलणे; महिन्यातून एकदा ५ किलो माती बदलणे; सहा महिन्यांनी सगळे उपसून नव्याने मांडणे. पाने तांबूस होऊ लागली तर ऊन फार किंवा स्फुरद कमी, असे समजावे. रोज काढली नाही तर गर्दी होऊन ती कुजते. तेव्हा आळशाचे हे पीक नव्हे.

चेन्नईत ह्या रीतीला दोन मुरडी घालाव्या लागल्या. अझोलाला २० ते २८ अंशांची उष्णता मानवते. पारा ३५ च्या वर गेला की ती मंदावते, आणि मे महिन्यात येथे तो ४० वर जातो. म्हणून जाळी, आणि जाळीच्या कडेला कारल्याचा वेल. दुसरी मुरड शेणाची. ते माडा रस्त्यापलीकडच्या एका गोठ्यातून आणावे लागते आणि बाई ते फडक्यातून गाळून घेतात. न गाळता घातले तर अझोलाला वास राहतो, आणि शेळी हे जनावर वासाच्या बाबतीत मोठे चोखंदळ. रस्त्यावरचा खळ लावलेला सिनेमाचा कागद ती आवडीने चघळील, पण शेणाचा वास आलेल्या हिरव्या चाऱ्याला तोंड लावणार नाही!

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याकडे वळू. टोपलीवाल्या बाई मागच्या बोळात राहतात. त्यांचे सासर सांथोमच्या वाळूवरील कोळीवाड्यातले, माहेर चेंगलपट्टूकडच्या खेड्यातले. तमिळनाडू सरकारने २०११ साली खेड्यांतील गरीब स्त्रियांना चार-चार शेळ्या किंवा मेंढ्या विनामूल्य देण्याची योजना काढली. त्यांच्या बहिणीला त्या योजनेत शेळ्या मिळाल्या, आणि त्यांच्या वेलातली एक पाट काही वर्षांनी ह्या बाईंकडे आली. आता तीन शेळ्या आणि चार करडे आहेत. एक शेळी म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारा दागिना. पोराची शाळा, सासऱ्याचा दवाखाना, सगळे तिच्यावर. परंतु शहरात चराऊ कुरण कुठले? सकाळी दक्षिण माडा रस्त्यावर भाजीवाल्यांनी टाकलेला पाला, केळीची पाने, कुठे भिंतीआडचे झुडूप. उरलेल्या दिवसभर रस्ता.

आदल्या वर्षी त्यांची पाच करडे झाली, त्यांपैकी तीन दोन महिन्यांच्या आत गेली. ही गोष्ट त्या फार सहजपणे सांगतात. बोटे मोजून सांगतात. पहिले हगवणीने, दुसरे आणि तिसरे एका आठवड्यात, छाती भरून. चौथे जगले पण वाढले नाही, आणि दिवाळीच्या आधी कमी दराने गेले. शेळी वर्षाकाठी जे काही देते ते करडांच्या रूपानेच देते. करडू गेले की वर्ष गेले. 'शेळी जाते जिवानिशी' ही आपली म्हण खाणाऱ्याला उद्देशून आहे. पाळणारीचा जीव कशाने जातो, ते त्या दिवशी मला कळले.

येथे करडाच्या पोटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जन्मतः करडू रवंथ करीत नाही. त्याचे मोठे पोट, ज्याला कोठीपोट म्हणतात, नावापुरतेच असते, आणि दूध त्याला वगळून थेट पुढच्या पोटात जाते. पहिल्या तासा-दोन तासांत आईचा चीक पोटात गेलाच पाहिजे, कारण रोगांशी झगडण्याची शक्ती त्यातूनच मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून करडू आईचे पाहून पाला हुंगू लागते, काडी चघळू लागते, आणि त्या चघळण्यानेच कोठीपोट जागे होते. ह्या वयात समोर कोवळा, बारीक, स्वच्छ पाला हवा. तीन महिन्यांनी दूध तुटते. तोवर पोट तयार झाले असेल तर करडू उभे राहते, नसेल तर दूध तुटताच खंगते. शहरातल्या करडाची अडचण नेमकी येथे आहे. त्याच्या समोर येणारा पाला शिळा, चिखलातला, कधी पिशवीसकट येतो.

आमच्या बाईंनी वाफा केला तो करडे गेल्याचे ऐकून. शाळेत विज्ञान शिकवलेले. एका शेतकी प्रदर्शनात तमिळ पत्रक हाती आलेले. सुरुवातीस मूठभर अझोला भाताच्या कोंड्यात आणि थोड्या भुईमुगाच्या पेंडीत कालवून ठेवली. शेळ्यांनी ती हुंगून मान फिरवली. करडांनी मात्र चार दिवसांत खाल्ली. लहान तोंडाला मोठ्यांचे पूर्वग्रह नसतात. मग हळूहळू निम्मे कोंडा-पेंड आणि निम्मी अझोला असे प्रमाण आले. ह्या वर्षीची चारही करडे मी पाहिली तेव्हा अडीच महिन्यांची होती आणि बोळातल्या दुचाकीच्या बैठकीवर चढून उड्या मारीत होती.

एवढे वाचून कोणी उत्साहाने ताडपत्री आणावयास निघेल, म्हणून हिशेबही मांडतो. पत्रकात छापले होते की अझोलात २० ते ३० टक्के प्रथिने असतात. हे खरे आहे, पण वाळवलेल्या अझोलात. ताज्या अझोलात शंभरात त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग निव्वळ पाणी. वाफ्यातून रोज ६०० ग्रॅम निघते, म्हणजे कोरडा भाग ४० ग्रॅमही नाही, आणि त्यात प्रथिने नऊ-दहा ग्रॅम. एवढी प्रथिने भुईमुगाच्या २० ते २५ ग्रॅम पेंडीत मिळतात. पेंड किलोला ५० रुपये धरली तर वाफ्याची रोजची कमाई सव्वा रुपयाच्या आत-बाहेर. दहा किलोच्या एका करडाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात; चार करडांना अख्खा वाफा वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच ग्रॅमही येत नाहीत. ह्या हिशेबाने ताडपत्रीचे पैसे फिटायला वर्ष-दीड वर्ष लागेल. कन्याकुमारीच्या कार्यकर्त्यांनी दुभत्या गाईंसाठी जे सांगितले तेही माफकच होते: नेहमीच्या खुराकाचा १५ ते २० टक्के भाग अझोलाने भरून काढता येतो. पुढे ज्यांनी अझोलाला 'जादूचा चारा' म्हटले त्यांनी मधला पाण्याचा हिशेब सोडून दिला. उंटावरून शेळ्या हाकण्याची आपली सवय जुनीच आहे.

मी हा हिशेब कागदावर मांडून बाईंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो तपासला, एके ठिकाणी गुणाकार पुन्हा केला, आणि बरोबर आहे म्हणाल्या. मग टोपलीवाल्या बाईंना तो तमिळमध्ये समजावून सांगितला. त्या हसल्या. त्यांचे म्हणणे असे होते की पेंड सव्वा रुपयाची मिळत नाही. ती किलोने घ्यावी लागते, आणि किलोचे पैसे ज्या दिवशी नसतात त्या दिवशी करडासमोर काही नसते. हे रोज असते. शिवाय करडे रस्त्यावर जात नाहीत. टोपली येण्याची वेळ त्यांना कळते आणि ती दारातच थांबतात. माझ्या कागदात ही रकाने नव्हती. अझोलात गाजराला रंग देणारे, अंगात जीवनसत्त्व 'अ' होणारे द्रव्य आणि खनिजेही चांगली असतात, आणि ज्या करडाला ताजा हिरवा पाला मुळीच मिळत नाही त्याला ती मिळणे मोलाचे असते, हेही खरे. तरीही करडे जगली ती केवळ अझोलाने, असे मी म्हणणार नाही. ह्या वर्षी बाईंनी हट्टाने करडांना जमिनीवरून उचलून फळ्यांच्या माचणावर निजवले, वेळेवर जंताचे औषध पाजले आणि तीन महिने पुरे होताच पीपीआरची लस टोचून घेण्याचे वेपेरीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात ठरवून ठेवले होते. १९०३ साली सुरू झालेले हे महाविद्यालय देशातल्या जुन्यांपैकी आहे. कोरडे अंथरूण, चीक, लस आणि हिरवा पाला ह्यांतले श्रेय कोणाला किती, हे चार करडांवरून ठरत नाही.

पाण्याचा प्रश्न राहतोच, आणि चेन्नईत तो सर्वांत आधी विचारावा. ह्या वाफ्यात सुमारे ४०० लिटर पाणी असते. दहा दिवसांनी १०० लिटर बदलायचे, आणि उन्हाळ्यात सावली असूनही रोज १५ ते २० लिटर उडून जाते. २००३ साली तमिळनाडूत प्रत्येक इमारतीवर पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय सक्तीची झाली, आणि मैलापूरच्या विहिरींना व तलावाला त्याचा गुण आला असे जुने रहिवासी सांगतात. परंतु २०१९ च्या जूनमध्ये शहराला पाणी देणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा बायका हंडे घेऊन रात्री टँकरची वाट पाहत होत्या. तशा वेळी गच्चीवर नेचा पाळणे शोभणार नाही. बाईंनी ठरवून ठेवले आहे की विहीर खाली गेली की वाफा बंद. थोडी अझोला मातीच्या परातीत जिवंत राखायची. काढलेले जुने पाणी त्या वाया घालवीत नाहीत; ते कढीलिंब आणि तुळशीला जाते, व झाडे त्यावर तरारतात.

कोणी म्हणेल, तलाव जवळ आहे, कालवा जवळ आहे, तेथेच का सोडू नये? मैलापूरच्या मधून बकिंगहॅम कालवा जातो. एके काळी त्यातून नावा चालत; आता त्यात शहराचे सांडपाणी वाहते. अझोला पाण्यातले नत्र-स्फुरद शोषते तशीच शिसे, कॅडमियम अशी विषारी धातुद्रव्येही शोषते. म्हणूनच घाण पाणी शुद्ध करण्यासाठी तिचे प्रयोग होतात. कालव्यातली अझोला करडाला घालणे म्हणजे गटाराचे सार पाजणे होय. आणि देवळाच्या तलावात सोडली तर ती तळापर्यंत ऊन पोचू देणार नाही व मासे गुदमरतील. डासांचीही शंका रास्त आहे. दाट साय असेल तर डासांना अंडी घालण्यास पाणी उघडे मिळत नाही, पण कोपरा उघडा राहिला की तेवढाही पुरतो. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे कर्मचारी गच्च्यांवरची साठलेली पाणी तपासतात. बाईंनी वाफ्यात छोटे गप्पी मासे सोडले आहेत आणि तपासणीस आलेल्यांना त्या ते मासे आवर्जून दाखवतात.

संध्याकाळी मी टोपलीवाल्या बाईंबरोबर माडा रस्त्यावर गेलो. देवळाच्या आसपास 'अगत्ती'च्या जुड्या विकायला असतात; भाविक त्या घेऊन गाईंना घालतात. जुडी हातात घेताच ओळख पटली. हा तर आपला हादगा! ज्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी आपण करतो, तोच. त्याच्या वाळलेल्या पानांतही अझोलाइतकीच प्रथिने असतात, आणि ताज्या पानांत पाणी तिच्या मानाने कमी. तोही मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतला नत्र पकडतो. रात्री आठच्या सुमारास उरलेल्या जुड्या विक्रेत्या स्वस्तात सोडतात, आणि बाई त्याच वेळी येतात. ज्या दिवशी हादगा मिळतो त्या दिवशी मोठ्या शेळ्यांची चैन होते. ज्यांच्या घरामागे हातभर जागा आहे त्यांनी वाफ्याआधी हादग्याचे झाड लावावे, असे माझे स्पष्ट मत झाले. ज्यांच्याजवळ फक्त गच्ची आहे त्यांची गोष्ट वेगळी.

परतताना त्या करडांविषयी बोलत होत्या आणि दर वेळी 'कुट्टी' हा शब्द येत होता. तमिळमध्ये शेळीचे पिलू कुट्टी, कुत्र्याचे कुट्टी, मांजराचे कुट्टी आणि हत्तीचेही कुट्टीच. आपण मात्र करडू, कोकरू, रेडकू, शिंगरू, पाडस असे प्रत्येकाला वेगळे नाव देऊन बसलो आहोत. अनुवाद करताना ह्या श्रीमंतीचा त्रासच होतो, कारण मूळ लेखकाने शेळी म्हटले की मेंढी हेही पुष्कळदा नीट कळत नाही. तमिळ 'आडु' दोघींनाही चालतो.

महाराष्ट्रातील वाचकांपैकी उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या पाळणाऱ्यांस हा प्रयोग करावयाचा असेल तर थंडीच्या आरंभी करावा. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये नव्याने सुरू केलेली अझोला टिकत नाही. कोकणात पावसाचा मारा तिला फोडतो, तेथे वर छप्पर हवे. चेन्नईत तीच अडचण ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात येते. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली घातले, तेव्हा गच्चीवरचा वाफा भरून वाहिला आणि सारी अझोला पन्हळीतून खालच्या अंगणात गेली. तेव्हापासून बाईंनी विटांच्या चौकटीला पाण्याच्या पातळीच्या किंचित वर एक भोक ठेवले आहे आणि त्यावर जुन्या चहाच्या गाळणीची जाळी बसवली आहे.

निघताना त्यांनी मला वाटीभर अझोला बांधून दिली. पाण्यात घालून नेऊ नये, हेलकाव्यांनी ती चुरते. ओल्या गोणपाटावर पातळ पसरून, सैल गुंडाळून, भोके पाडलेल्या टोपलीत ठेवावी आणि उन्हात ठेवू नये; दीड-दोन दिवस निभावते. घरी पोचताच सावलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडावी, आणि पहिले तीन-चार दिवस शेण घालू नये.